नाशिकहून दमण : तिथी, भरती आणि ऊन पाहून आखायची दोन दिवसांची सहल

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्याच्या डोंगरात उगम पावणारी दमणगंगा सुमारे १३१ किलोमीटर वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी दोन्ही तीरांवर दमण हे जुने बंदर वसले आहे. दक्षिण तीरावर मोटी दमण आणि उत्तर तीरावर नानी दमण, अशी या शहराची दोन अंगे आहेत. १५५९ पासून १९६१ पर्यंत, म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ, ते पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. नाशिकपासून ते रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तरीही आपल्याकडे दमणचे नाव निघते ते बहुधा स्वस्त मद्यासाठी, आणि तेथील तटबंदी, चर्च व गोदी यांच्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. या लेखात शहर नीट पाहू इच्छिणाऱ्या नाशिककर कुटुंबासाठी दोन दिवसांच्या सहलीची आखणी क्रमाने दिली आहे. फेब्रुवारीच्या प्रारंभापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ गृहीत धरला आहे, कारण त्यानंतर किनाऱ्यावरची दमट उष्णता दुपारभर बाहेर फिरू देत नाही आणि जूननंतर घाटरस्ता व समुद्र दोन्हींचा भरवसा राहत नाही.

तारीख ठरवताना

बहुतेक जण सुट्टी पाहून तारीख ठरवतात. दमणला जाताना मात्र आधी पंचांग पाहावे. खंबायतच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या या किनारपट्टीवर भरती आणि ओहोटी यांच्या पाण्याच्या पातळीतील अंतर मोठे असते आणि किनाऱ्याचा उतार अगदी सपाट आहे. त्यामुळे ओहोटीच्या वेळी पाणी इतके लांब जाते की, समुद्र पाहायला आलेल्या माणसाला समोर केवळ चिखलट वाळू आणि काळे खडक दिसतात. अनेक पर्यटक निराश होऊन परततात ते यामुळेच. वास्तविक चार तास आधी किंवा नंतर त्याच जागी लाटा कठड्याला भिडत असतात.

कोकणातील दर्यावर्दी लोकांचा जुना हिशोब येथे उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती दुपारी व रात्री सव्वाअकराच्या पुढे. हा हिशोब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे. भरतीची लाट उत्तरेकडे सरकत जात असल्याने दमणला ती मुंबईनंतर साधारण तासाभराने किंवा त्याहून थोडी उशिरा येते, एवढी भर त्यात घालावी. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी हेच चक्र पाऊण तासाहून थोडे पुढे सरकलेले, एवढे ध्यानात ठेवले की दोन्ही दिवसांचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. निघण्याच्या आदल्या दिवशी मोबाइलवर दमणचा भरतीचा तक्ता पाहून खात्री मात्र करून घ्यावी.

यातून निवड अशी होते. सूर्यास्ताच्या वेळी पाणी किनाऱ्याशी हवे असेल, तर शुक्ल किंवा वद्य पक्षातील षष्ठी ते अष्टमी हे दिवस धरावेत. या दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे पाणी उधाणाइतके चढत नाही, पण ते संध्याकाळी येते आणि लहान मुले, वृद्ध बरोबर असतील तर हे सौम्य पाणी पाहायला अधिक बरे. ज्यांना उघड्या पडलेल्या समुद्रतळावरचे खडक, खेकडे आणि शंख पाहायचे आहेत, त्यांनी पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास जावे. त्या दिवसांत भरती दुपारी येते आणि सकाळ-संध्याकाळ पाणी खूप मागे हटलेले असते. माझे मत विचारले तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सप्तमी-अष्टमीच निवडावी.

तिथीखालोखाल वार पाहावा. शनिवार-रविवारी वापी, सुरत आणि मुंबईकडून गर्दी लोटते, खोल्यांचे दर चढतात आणि किनाऱ्यावरचे वातावरणही कुटुंबासाठी तितकेसे शांत राहत नाही. मंगळवार ते गुरुवार यांपैकी दोन दिवस मिळाले तर तेच शहर पूर्ण वेगळे भासते.

काही दिवस मात्र कटाक्षाने टाळावेत. महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर भाविकांची रीघ असते, त्यामुळे जव्हारमार्गे जाणे अवघड होते. होळीच्या आसपास पेठ आणि कपराड्याच्या आदिवासी पट्ट्यात सणाचा मोठा उत्साह असतो. गावोगावी मुले रस्त्यावर दोरी धरून फाग, म्हणजे होळीची वर्गणी, मागतात. त्यांना चार पैसे आनंदाने द्यावेत, पण प्रवासाला तास-दीड तास जास्त लागेल हे गृहीत धरावे. आणि रंगपंचमीला नाशिकमधल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे मोठे हौद, सोडून बाहेरगावी जाण्याचे कारणच नाही.

रस्ता

पंचवटीतून पेठ रोडने सकाळी साडेसहाच्या आत निघावे. आशेवाडीजवळ रामशेज किल्ला मागे पडला की रहदारी विरळ होते. सावळघाट उतरताना आपण गोदावरीच्या खोऱ्यातून पश्चिमवाहिनी नद्यांच्या मुलुखात शिरतो. फेब्रुवारीच्या अखेरीस या उतारांवर पळस फुललेला असतो, काटेसावरीची झाडे पानांशिवाय लालभडक उभी असतात आणि मार्च लागला की मोहाची फुले वेचणाऱ्या बायका भल्या पहाटे झाडाखाली दिसतात. वसंताचे हे सर्वांत चांगले दर्शन रस्त्यातच होते, म्हणून अंधारात हा टप्पा ओलांडू नये.

करंजाळी, पेठ, मग राज्याची सीमा, त्यापुढे गुजरातमधील कपराडा आणि नानापोंढा, तेथून वापी आणि वापीहून सुमारे बारा किलोमीटरवर दमण, असा हा मार्ग आहे. सावळघाट आणि कोटंबी घाट वळणांचे आहेत, पण खरी काळजी घ्यायची ती कपराडा भागातील कुंभघाटात. तेथे उतार तीव्र आहे आणि जड मालवाहू वाहनांचे अपघात होत आले आहेत. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, सतत ब्रेकवर पाय ठेवू नये आणि उतारावर ट्रकच्या अगदी मागे राहू नये. इंधन नाशिकमध्येच पुरेसे भरून घ्यावे, कारण मधल्या पट्ट्यात पंप तुरळक आहेत आणि मोबाइलची रेंजही काही ठिकाणी जाते. न्याहारीसाठी पेठला थांबणे सोयीचे. चहापाण्याच्या थांब्यांसह प्रवासाला साडेचार तास धरावेत, म्हणजे अकराच्या सुमारास दमणमध्ये पोहोचता येते.

स्वतःचे वाहन नसल्यास नाशिकहून वापी किंवा सिल्वासाकडे जाणाऱ्या एसटीची वेळ स्थानकावर आदल्या दिवशी विचारून घ्यावी. वापी रेल्वे स्थानकाबाहेरून दमणला रिक्षा आणि सामायिक वाहने मिळतात. रेल्वेने थेट सोय नाही. नाशिकरोडहून कल्याण, मग वसई किंवा दादर गाठून पश्चिम रेल्वेने वापी, असा वळसा पडतो आणि त्यात दिवस मोडतो. मुंबईत काम उरकून पुढे जायचे असेल तरच तो पत्करावा.

मद्याबद्दलचा नियम येथेच सांगून ठेवणे आवश्यक आहे. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. नाशिकहून दमणला जाताना आणि येताना दोन्ही वेळा आपण गुजरातच्या हद्दीतून जातो. दमणमध्ये मद्यविक्री कायदेशीर असली, तरी तेथून एक सीलबंद बाटली गाडीत घालून सीमा ओलांडणे हा गुन्हा आहे आणि हद्दीवर वाहनांची झडती घेतली जाते. नाशिकची वाइन भेट म्हणून नेण्याचा विचार कोणी करील, तर तिलाही हाच कायदा लागू आहे. भेट न्यायचीच असेल तर दिंडोरीची द्राक्षे न्यावीत. याच दिवसांत ती उत्तम असतात.

मुक्काम कोठे करावा

बहुतेक हॉटेले नानी दमणच्या बाजारात आणि तेथून सुमारे तीन किलोमीटरवर असलेल्या देवका किनाऱ्यालगत आहेत. एसटी-रिक्षाने येणाऱ्यांना बाजार सोयीचा, कारण तेथून किल्ला, जेटी आणि पूल पायी गाठता येतात. स्वतःची गाडी असेल तर देवका बरा. दक्षिणेकडील जामपोर किनारा अधिक शांत आहे, तेथे सुरूची झाडे आहेत, पण राहण्याच्या जागा कमी. खोली ठरवताना समुद्राच्या देखाव्यासाठी जास्त पैसे मागितले गेले, तर आपल्या तारखांना उजेडात पाणी किती वेळ जवळ असेल याचा हिशोब करूनच ते द्यावेत. सर्वांची ओळखपत्रे बरोबर ठेवावीत.

पहिला दिवस : मोटी दमण

पोहोचल्यावर खोलीत सामान टाकून, जेवून, दुपारी तीनपर्यंत विश्रांती घ्यावी. घाट उतरून आलेल्या नाशिककराला किनाऱ्यावरचा दमटपणा पहिल्या काही तासांत जाणवतोच. आपल्याकडे फेब्रुवारीची पहाट स्वेटर घालायला लावते, तर येथे त्याच दिवशी दुपारी सुती सदराही घामाने भिजतो. म्हणून सकाळच्या प्रवासासाठी एक गरम कपडा आणि बाकी सर्व सुती, असे सामान ठेवावे.

साडेतीनला पूल ओलांडून मोटी दमणच्या किल्ल्यात जावे. हा ओसाड किल्ला नाही. तटाच्या आत आजही सरकारी कचेऱ्या, शाळा, चर्च आणि राहती घरे आहेत, म्हणून तो पाहण्याची पद्धतही वेगळी ठेवावी लागते. आधी गाडी बाहेर लावून तटाच्या बाहेरून काही अंतर चालावे. गुजरातच्या सुलतानशाहीतील हबशी सरदारांकडून पोर्तुगिजांनी १५५९ मध्ये दमण घेतले आणि पुढे हा बहुकोनी कोट उभारला. तोफांच्या युगात बांधलेल्या किल्ल्याचे रूप येथे स्पष्ट दिसते. आपल्या डोंगरी किल्ल्यांप्रमाणे उंची हे याचे बळ नाही. बाहेर काढलेले कोनाकृती बुरूज, जाड उतरता तट आणि भोवतीचा खंदक, यांच्या योगाने कोणत्याही बाजूने येणाऱ्या शत्रूवर दोन बुरुजांवरून मारा करता यावा, अशी ही रचना आहे. रामशेज पाहून आलेल्या मुलांना दोन्ही किल्ल्यांतील हा फरक जागेवर समजावून सांगावा.

जमिनीकडच्या दरवाजाने आत शिरले की रस्ते काटकोनात आखलेले दिसतात. चौकाजवळचे बॉम जीझस चर्च १६०३ मधील आहे. त्याचे कोरीव प्रवेशद्वार आणि आतील लाकडी वेदी निवांत पाहावी. त्याच परिसरातील अवर लेडी ऑफ द रोझरी हे लहान प्रार्थनामंदिर बाहेरून साधे आहे, पण आतील सोनेरी मुलाम्याचे लाकूडकाम या शहरातील सर्वांत सुंदर वस्तू आहे असे मला वाटते. ते नेहमी उघडे असतेच असे नाही. बंद असल्यास मोठ्या चर्चमध्ये विनयाने विचारावे. फेब्रुवारी-मार्च हा ख्रिस्ती प्रायश्चित्तकाळ असतो, त्यामुळे प्रार्थना अधिक होतात. प्रार्थना चालू असताना आत फिरणे आणि छायाचित्रे घेणे टाळावे, खांदे व गुडघे झाकणारा पोशाख असावा.

जवळच एक घर पोर्तुगीज कवी बोकाज याचे म्हणून दाखवले जाते. १७८९ मध्ये सैनिकी अधिकारी म्हणून त्याची येथे नेमणूक झाली होती आणि तो थोड्याच दिवसांत नोकरी सोडून चीनच्या किनाऱ्यावरील मकाव या पोर्तुगीज वसाहतीकडे पळून गेला. घर खासगी वस्तीतले असल्याने बाहेरूनच पाहावे. डॉमिनिकन मठाचे भग्नावशेषही याच कोटात आहेत. येथील काही ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगिजावरून घडलेली दमणची स्वतंत्र मिश्र बोली आजही बोलली जाते. अलिबागजवळच्या कोर्लईतही अशीच एक बोली टिकून आहे.

पाचच्या सुमारास नदीकडच्या दरवाजाने बाहेर पडावे. समोर दमणगंगेचे मुख आणि पलीकडे नानी दमणचा किल्ला दिसतो. येथे घटकाभर थांबून या बंदराचा व्यापार समजून घेण्यासारखा आहे. माळव्याची अफू कराचीमार्गे दमणला येऊन येथून मकावला जात असे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतल्यावर हा व्यापार बसला. त्याच वर्षी येथील गोदीतून ‘दों फेर्नांदु दुसरा ई ग्लोरिया’ ही पोर्तुगीज आरमाराची मोठी शिडाची युद्धनौका पाण्यात उतरली. तिचे सागवान नगर हवेलीच्या जंगलातले होते. ती नौका आज लिस्बनजवळ संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे.

नगर हवेली पोर्तुगिजांना मिळाली ती मराठ्यांकडून. त्यांचे एक जहाज मराठ्यांनी पकडले होते, त्याच्या भरपाईदाखल १७८३ मध्ये तेथील गावांचा महसूल त्यांना देण्यात आला, आणि १७८५ मध्ये दादरा त्यांनी विकत घेतले. १९५४ मध्ये हा मुलूख स्वयंसेवकांनी मुक्त केला. त्यांत संगीतकार सुधीर फडके यांच्यासह अनेक मराठी माणसे होती. पोर्तुगालने त्यावरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली आणि दमणपासून त्या मुलखापर्यंत भारतीय हद्दीतून जाण्याच्या हक्काचा तो खटला १९६० मध्ये निकालात निघाला. त्या वेळी सैन्य व शस्त्रे नेण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. पुढे १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन दमणवर चालून गेली आणि दुसऱ्या दिवशी येथील पोर्तुगीज शिबंदीने शरणागती पत्करली. ही माहिती घरूनच वाचून गेल्यास त्या तटाखाली उभे राहताना मन भरून येते. महाराष्ट्रातून येणाऱ्याने ती माहीत नसताना येथून परतू नये, असे मला मनापासून वाटते.

सूर्यास्त फेब्रुवारीच्या सुरुवातीस साडेसहाच्या सुमारास, तर मार्चच्या मध्यास पावणेसातच्या पुढे होतो. दीपगृहापासून जामपोरकडे जाणाऱ्या समुद्रकाठच्या रस्त्यावर अर्धा तास आधी पोहोचावे. तिथी योग्य निवडली असेल तर या वेळी पाणी चढत असते.

दुसरा दिवस : नानी दमण आणि देवका

सकाळी सातला जेटीवर जावे. नदीचे मुख उथळ असल्याने मच्छीमार होड्या भरतीच्या पाण्यावर आत येतात, म्हणून अष्टमीच्या आसपास सकाळी जेटीवर मोठी लगबग असते. टंडेल, म्हणजे येथील मच्छीमार, लोक जाळी उतरवीत असतात आणि बोंबील, पापलेट, कोळंबी यांची वाटणी चालू असते. त्यांच्या कामात आडवे येऊ नये आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये.

जेटीला लागूनच सेंट जेरोम किल्ला आहे. तो १६१४ ते १६२७ या काळात, मुख्यतः मोगलांच्या भीतीने, बांधला गेला. आकाराने तो लहान आहे, पण नदीकडचा दरवाजा भव्य असून त्यावर सेंट जेरोमची मूर्ती आहे. आत चर्च आणि दफनभूमी आहे. तटावर चढून दक्षिणेकडे पाहिले की नदीचे मुख दोन्ही किल्ल्यांनी कसे आवळून धरले होते ते ध्यानात येते. तटाला सर्वत्र कठडा नाही, मुलांचा हात सोडू नये. नऊच्या आत हे सर्व पाहून होते.

देवक्याला समुद्रकाठाने सुमारे साडेपाच किलोमीटरचा पदपथ बांधला आहे. तो २०२३ मध्ये खुला झाला. चालायला तो चांगला आहे, पण सावली कमी असल्याने सकाळी दहानंतर किंवा दुपारी तेथे जाऊ नये. समुद्रात उतरण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : देवक्याला पोहू नये. तळाशी खडक आहेत, काही ठिकाणी पाय रुततो आणि सपाट किनाऱ्यावर भरती पाठीमागून घळींतून आत शिरते, त्यामुळे दूरवर चालत गेलेला माणूस वेढला जाऊ शकतो. ओहोटीत आत जायचेच असेल तर ओहोटीची वेळ ठाऊक असावी, त्या वेळेपर्यंतच पुढे जावे आणि पाणी फिरण्याच्या आधी परत वळावे. नदीच्या मुखाजवळ तर पाण्यात पाऊलही टाकू नये, तेथे ओढ फार असते.

जेवणासाठी नानी दमणच्या बाजारात गुजराती थाळी आणि मासळी दोन्ही मिळतात. ताज्या बोंबलाचे तळलेले तुकडे येथे जरूर खावेत. नाशिकला येईपर्यंत बर्फात राहिलेल्या बोंबलात ती चव उरत नाही.

परतीची वाट

वापीहून आलेल्या रस्त्यानेच परत जाण्याऐवजी उत्तरेकडील उदवाड्यावरून जावे. हे पारशी समाजाचे सर्वांत पवित्र गाव आहे. इराणशाह हा त्यांचा पवित्र अग्नी १७४२ पासून येथे आहे. अन्यधर्मीयांना अग्यारीत प्रवेश नाही, त्याचा मान राखावा. मात्र तेथील माहिती केंद्र व संग्रहालय, जुन्या लाकडी ओट्यांची घरे आणि शांत गल्ल्या पाहायला तासभर ठेवावा. जेवण दमणऐवजी येथेच करायचे ठरवल्यास धनसाक किंवा पत्रानी मच्छी आधी सांगून ठेवावी लागते.

उदवाड्याहून पारडी, तेथून नानापोंढा, कपराडा आणि पेठ हा सरळ मार्ग आहे. पारडी दुपारी दोनच्या आत सोडावे. म्हणजे कुंभघाटाची चढण आणि सावळघाट दोन्ही उजेडात पार होतात आणि काळोख पडण्याच्या आत नाशिक गाठता येते. उशीर झालाच तर घाटात रात्री गाडी घालण्यापेक्षा वापीला मुक्काम करून पहाटे निघणे चांगले. त्र्यंबकमार्गे परतायचे असेल तर सिल्वासा, जव्हार, मोखाडा असा रस्ता आहे. तो अधिक वेळ घेतो, म्हणून त्यासाठी तिसरा दिवस आणि जव्हारचा मुक्काम धरावा.